रेडिएटर नवा, तरी गाडी तापतेच: जुन्या फोर बाय फोरचं घरगुती निवारण

जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली आहे. चढावर तापमानाचा काटा वर गेला, बोनेट उघडलं तर रेडिएटरच्या टाकीला ओल दिसली, रेडिएटर बदलला. काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग पुन्हा कूलंट कमी व्हायला लागतं, काटा हलायला लागतो आणि नवा रेडिएटरही गळतो. अशा वेळी सगळा राग पार्टवर निघतो. पार्ट खराब निघू शकतो, नाही असं नाही. पण लागोपाठ दोन रेडिएटर गेले असतील तर मी पार्टवर संशय सगळ्यात शेवटी घेईन.

रेडिएटर काढून नवा बसवणं घरी होण्यासारखं काम आहे. पान्यांचा संच, पक्कड, एक रुंद घमेलं आणि मोकळी दुपार एवढं पुरतं. डोकं लागतं ते जुना कशानं गेला हे ओळखायला. म्हणून खाली पान्यांपेक्षा तपासणीबद्दल जास्त लिहिलं आहे.

तापते, पण कधी?

नुसतं ‘गाडी तापते’ म्हटल्यानं काही कळत नाही. कोणत्या वेगाला, किती वेळानं आणि कशानंतर तापते, हे आधी दोन-चार दिवस नीट बघा.

उभी असताना किंवा सावकाश चालताना तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, तर दोष हवेच्या बाजूला आहे. म्हणजे पंखा, पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनशी घट्ट जोडणारा, आत सिलिकॉन तेल असलेला क्लच), पंख्याभोवतीचं शराउड म्हणजे हवा वळवणारं कडं, नाहीतर ढिला बेल्ट. उलट गर्दीत ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर किंवा लांब चढावर जोर लावला की तापते, तर उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी पडते आहे: आतून चोंदलेल्या नळ्या, बाहेरून बसलेला चिखल, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा चिमटला जाणारा खालचा होज, म्हणजे रबरी पाइप. तिसरा प्रकार वेगळा आणि वाईट. थंड इंजिन चालू केल्यावर, पाणी तापायच्या आतच, वरचा होज ताठ होतो किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. तिथं हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, विचार करावा लागतो.

फोर बाय फोरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त ताकदीच्या खालच्या गिअरांत, इंजिन जोरात फिरतं आणि गाडी माणसाच्या चालीनं जाते. समोरून वारा जवळजवळ नसतो, सगळी मदार पंख्यावर. त्यामुळे अशक्त झालेला व्हिस्कस क्लच साध्या रस्त्यावर कधी कळत नाही आणि दगडधोंड्यांत गाडी घातली की लगेच उघडा पडतो. तपासणी सोपी आहे. गाडी चांगली तापवा, इंजिन बंद करून किल्ली काढा आणि पंखा हातानं फिरवा. गरम क्लचनं चांगला विरोध करायला हवा. पंखा भिंगरीसारखा फिरत राहिला, किंवा क्लचच्या मधोमध तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर आतलं सिलिकॉन तेल गेलं आहे. पंखा पुढे-मागे डुलत असेल तर क्लचचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग बघा.

शराउड तुटलं म्हणून काढून टाकलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्या आहेत. शराउड नसलं की पंखा फक्त स्वतःच्या समोरच्या गोलातून हवा ओढतो आणि रेडिएटरचे चारही कोपरे नुसते शोभेला उरतात.

बाहेरच्या चिखलासाठी रात्री एक साधी परीक्षा करा. इंजिनच्या बाजूनं टॉर्च धरा आणि जाळीतून समोरून बघा. प्रकाश सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. चिखल बहुतेक वेळा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधल्या फटीत बसलेला असतो, तो समोरून दिसतच नाही. पाणी इंजिनकडून पुढच्या दिशेला मारा, म्हणजे घाण ज्या बाजूनं आली त्याच बाजूनं निघेल. प्रेशर वॉशर नको, त्यानं पातळ पत्र्या आडव्या होतात आणि होती ती वाटही बंद होते. समोर विंच, जादा दिवे, नंबर प्लेट असं काय काय लटकवलं आहे तेही एकदा मोजा.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. कित्येक गाड्यांत तो मुद्दाम असा ठेवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमधच उभा राहतो. हलतो तोवर उशीर झालेला असतो. जुन्या इंजिनवर खऱ्या अंशांत आकडा दाखवणारा वेगळा मीटर बसवणं मला रेडिएटरइतकंच महत्त्वाचं वाटतं.

झाकणानंही बरंच होतं

रेडिएटरचं झाकण म्हणजे दाबाचा व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये. काहींवर तोच १३ किंवा १६ पीएसआय असा लिहिलेला असतो. १ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, दाबाखाली १२५ च्या पुढे जातं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. याच कारणानं गरम इंजिनचं झाकण उघडू नये: आतलं पाणी उकळत नसतं ते केवळ दाबामुळे, आणि झाकण फिरवताच ते एकदम उसळून अंगावर येतं.

गाडी थंड झाल्यावर वरचा होज आत चिमटलेला दिसला तर झाकणातला उलटा, हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे. जादा कूलंट साठवणारी बाजूची बाटली काठोकाठ आणि रेडिएटर मात्र रिकामा, असं दिसलं तर झाकण किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तपासा. नवा रेडिएटर घेताना झाकणही नवं घ्या, कंपनीनं सांगितलेल्याच दाबाचं. जास्त दाबाचं झाकण लावून तापणं थांबवायचा उद्योग करू नका. जुनी प्लास्टिकची टाकी आणि हीटरचा कोअर (नळ्या-पत्र्यांचा गाभा) त्याची किंमत मोजतात.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. झाकण उघडा, हीटर गरमवर ठेवा, खालची तोटी सोडा आणि निघालेलं कूलंट मोजून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. घमेलं उघडं ठेवू नका, गटारात ओतू नका. बंद डब्यात भरून वापरलेलं तेल जिथं घेतात तिथं चौकशी करा.

खालची तोटी प्लास्टिकची असेल आणि वर्षानुवर्षं हलली नसेल तर ती मोडणारच. रेडिएटर जाणारच आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सरळ खालचा होज काढा. चिकटलेला होज ओढून किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसून काढण्यापेक्षा लांबीला चिरून सोलावा. नवे होज घालायचेच आहेत. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे का ते बघून ठेवा. हा होज पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो. आतला स्प्रिंग गंजून गेला तर इंजिन जोरात फिरताना होज चिमटतो आणि नेमकं तेव्हाच पाणी थांबतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याच्या तेलाच्या दोन नळ्या रेडिएटरच्या टाकीत येतात. नटाला पाचही बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना वापरा. साध्या पान्यानं मऊ नट गोल होतो. काढताच नळ्यांची तोंडं बंद करा. गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे चला.

मग शराउडचे बोल्ट सोडून ते मागे पंख्यावर ढकला. काही गाड्यांत तेवढ्यानं जागा होते, काहींत पंखाही काढावा लागतो. व्हिस्कस पंखा पुलीवर चार नटांनी बसतो किंवा मधल्या एका मोठ्या नटानं. मोठ्या नटाचे आटे काही इंजिनांत उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी गाडीचं मॅन्युअल, म्हणजे माहितीपुस्तिका, बघा. काढलेला क्लच आडवा टाकू नका, गाडीत असतो तसा उभा ठेवा, नाहीतर तेल झिरपतं. नवा रेडिएटर आत जाताना पंख्याच्या बाजूला पुठ्ठा लावा. एका ओरखड्यानं नळी फुटते. कंडेन्सरच्या नळ्यांना हात लावायची बहुतेक गाड्यांत गरज नसते.

जुना रेडिएटर वाचा

बाहेर काढलेला रेडिएटर लगेच भंगारात देऊ नका. गळती नेमकी कुठं आहे यावरून पुष्कळ कळतं.

प्लास्टिकची टाकी तपकिरी, ठिसूळ आणि होजच्या नळीशी तडकलेली: हे वयाचं लक्षण. इंजिनचे माउंट झिजले असतील तर इंजिन डुलतं, होज ओढला जातो आणि ती चीर लवकर पडते. रेडिएटर खाली ज्या रबरी बुशांवर बसतो तीही दाबून बघा. रबर दगड झालं असेल तर चेसिसचा प्रत्येक पिळवटा थेट टाकीवर येतो. खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाडीत हे कारण हमखास सापडतं आणि नवा रेडिएटर बसवताना हीच जुनी बुशं परत घातली जातात.

टाकी आणि अॅल्युमिनियमचा कोअर यांच्या जोडावर पत्र्याचे दात उघडलेले, टाकी फुगलेली: आतला दाब प्रमाणाबाहेर गेला आहे. झाकण चांगलं असेल तर हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू पाण्यात येतो आहे का ते तपासा. त्यासाठी तपासणीचं किट असतं: रेडिएटर गाडीत असताना त्याच्या तोंडावर किटची नळी धरून त्यातल्या निळ्या द्रावणातून वरची हवा ओढायची. जळालेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत रंग पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट होतो. ही चाचणी नकारात्मक येईपर्यंत मी नवा रेडिएटर बसवणार नाही. असा वायू येत असताना बसवलेला प्रत्येक रेडिएटर त्याच मार्गानं जातो.

इंजिनच्या बाजूला कमानीसारखा कापलेला ओरखडा: पंखा लागला आहे. यात फोर बाय फोरचे खास दोन प्रकार. बॉडी लिफ्ट केली असेल, म्हणजे चेसिसवरून फक्त बॉडी उंच केली असेल, तर बॉडीला बसवलेला रेडिएटर वर जातो, चेसिसवरचं इंजिन आणि पंखा मात्र होते तिथंच राहतात, आणि पाती शराउडच्या खालच्या कडेला घासतात. शराउड तेवढंच खाली घ्यावं लागतं. सस्पेन्शन लिफ्टमध्ये हा प्रश्न येत नाही. दुसरा प्रकार पाण्यातून जाण्याचा. पाण्यात बुडालेला पंखा नावेच्या पंख्यासारखा स्वतःलाच पुढे ओढतो, पाती वाकतात आणि कोअर कापतात. खोल पाण्यात शिरण्याआधी समोरच्या जाळीवर ताडपत्री बांधतात ती यासाठीच.

कोअरच्या नळ्यांना विखुरलेली बारीक भोकं, बाहेर मार लागल्याची खूण नाही: आतून झालेली झीज. पुन्हापुन्हा रेडिएटर जाणाऱ्या गाड्यांत हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. एक तर कूलंट जुनं होऊन त्यातली गंजरोधक रसायनं संपलेली असतात, किंवा कायम नळाचंच पाणी भरलेलं असतं. नाहीतर वीज कूलंटमधून वाहते आहे. जुन्या गाडीत इंजिन ते बॉडी आणि इंजिन ते चेसिस या अर्थिंगच्या तारा गंजतात. त्यावर मालकानं हॉर्न, दिवे, विंच लावलेले असतात आणि त्यांची अर्थिंग सोयीसाठी रेडिएटरच्या चौकटीला ठोकलेली असते. करंटला चांगली वाट मिळाली नाही की तो कूलंटमधून जातो आणि अॅल्युमिनियम खात सुटतो.

हे मल्टिमीटरनं पकडता येतं, मात्र रेडिएटर गाडीत असताना, म्हणजे काढण्याआधी किंवा नवा भरल्यावर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल टोक थंड रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू न देता. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. ०.३ च्या वर असेल तर दोष आहे. सगळं बंद असतानाही आकडा दिसला तर कूलंट बदला. मग कोणाला तरी आत बसवून दिवे, ब्लोअर, विंच एकेक चालू करायला सांगा, शेवटी स्टार्टर मारा. ज्याच्यावर आकडा उडी मारेल त्याची अर्थिंग खराब. स्टार्टरवर उडाला तर इंजिनची मुख्य तार बघा. जादा लावलेल्या सगळ्या वस्तूंची अर्थिंग सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा तिथून आलेल्या पट्टीला न्या.

ऑटोमॅटिकवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. कूलंटमध्ये गुलाबी, दुधट चिखल दिसतो का? टाकीतला तेलाचा कूलर आतून फुटला की कूलंट आणि गिअरबॉक्सचं तेल एकमेकांत मिसळतं. ग्लायकॉल गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतं. अशी गाडी चालवू नका. नुसता रेडिएटर बदलून हे भागत नाही, गिअरबॉक्स पूर्ण धुवावा लागतो.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर तो डागून, टाकी उघडून नळ्या साफ करून पुन्हा वापरता येतो. कोअर जाड आणि चौकट शाबूत असेल तर हलक्या प्रतीच्या नव्यापेक्षा मी तो पसंत करेन. प्लास्टिकच्या टाकीला मात्र चिकटवण्याचे प्रयोग घरी परत येण्यापुरतेच. गळती थांबवणारी पावडरही तशीच: ती गळती शोधताना हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजवते.

बसवताना

नवा आणि जुना शेजारी ठेवून तुलना करा. होजच्या नळ्यांची जाडी आणि कोन, शराउडची भोकं, खालच्या खुंट्या, सेन्सरची जागा, गिअरबॉक्सच्या नळ्यांचे आटे, कोअरची जाडी. जाड कोअर पंख्याच्या जवळ येतो, तेवढी जागा आहे का बघा. जुन्यावरच्या फोमच्या पट्ट्या नव्यावर लावा. त्या नसल्या तर हवा रेडिएटर टाळून कडेनं निघून जाते.

आता इंजिनचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आतून धुवा. नुसता रेडिएटर रिकामा केला तर बरंच जुनं पाणी ब्लॉकमध्ये राहतं. त्याचा वेगळा ड्रेन प्लग असतो, तो सुटला तर उत्तमच. आतला गाळ तसाच ठेवला तर तो नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसेल. थर्मोस्टॅट नवा घाला. त्यावरचं हलत्या पिनेचं छोटं छिद्र वरच्या बाजूला यायला हवं, तिथून हवा निघते. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला खूप जण देतात, तो ऐकू नका. अनेक जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच घिरट्या घालतो.

प्लास्टिकच्या नळीवर क्लिप पिळून पिळून आवळू नका. कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा चांगल्या असतील तर त्याच वापरा, गरम-थंड होताना त्या स्वतः जुळवून घेतात.

भरणं

ब्लॉकमध्ये धुतलेलं पाणी उरतंच, म्हणून आधी एकूण क्षमतेच्या निम्मं न पातळ केलेलं कूलंट ओता आणि मग डिस्टिल्ड पाण्यानं भरा. तयार मिश्रण आणलं असेल तर ब्लॉक पूर्ण रिकामा करावा लागेल. कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी हे कंपन्यांनी आपापल्या सोयीनं ठरवलेले रंग आहेत. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका, त्यातून गाळ तयार होऊ शकतो.

हवा अडकणं ही नव्या रेडिएटरनंतर लगेच गाडी तापण्याची पहिली शंका. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मागे वेगळा हीटर असेल तर तोही. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा आणि वरचा होज हातानं दाबत राहा, बुडबुडे येतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज गरम व्हायला लागतो. तेव्हा भर घाला, झाकण लावा. हीटरमधून थंड हवा येत असेल तर हवा अजून आत आहे. आता सुरुवातीला मोजलेला आकडा आठवा: गेलं त्यापेक्षा बरंच कमी मावलं असेल तर उरलेल्या जागेत हवा बसली आहे. धुताना ब्लॉकही रिकामा झाला असेल तर तुलना मॅन्युअलमधल्या क्षमतेशी करा.

ऑटोमॅटिकचं तेल तपासून भर घाला. हातपंपाचा प्रेशर टेस्टर मिळाला तर झाकणावरच्या आकड्याइतका दाब देऊन पंधरा मिनिटं सोडा. काटा जागचा हलता कामा नये.

पहिल्या चकरीनंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी बाटली नव्हे तर रेडिएटर उघडून पातळी बघा. थोडी कमी असणं साहजिक आहे, उरलेली हवा निघाली. हे पुढचे काही दिवस करा. पातळी स्थिर झाली की बाटलीवर खूण करून ठेवा. ती खूण आठवडाभरानंतरही खाली सरकत असेल आणि बाहेर कुठं ओल नसेल, तर निळ्या द्रावणाची चाचणी पुन्हा करा, या वेळी इंजिन चांगलं तापवून आणि रेडिएटरऐवजी बाटलीच्या तोंडाशी.